ग्रुपमधून काढलेल्या एस्तरमावशी

परवा दुपारी गल्लीत कुणीतरी मोठ्या आवाजात कोरियन मालिका लावली होती. हिंदीत डब केलेली. त्यातली बाई रडत रडत कुणाला तरी जाब विचारत होती. मी सवयीने उठून खिडकीतून समोरच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिथे आता नवरा-बायको दोघंही कंपनीत जाणारं एक जोडपं राहतं. मालिकेचा आवाज पलीकडच्या कुठल्यातरी घरातून येत होता. एस्तरमावशींना इथून जाऊन आता बरेच महिने झाले, पण आपले डोळे जातात तिकडेच.

नगरच्या नागापूर एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी. मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. लग्नानंतर इथे भाड्याने राहायला आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक बुटक्या, काळ्यासावळ्या, पदराला पिन लावलेल्या बाई न विचारता घरात आल्या. सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायल्या, मग बायकोला म्हणाल्या, "पानी दिवसाआड येतं. ड्रम घ्या मोठा. अन् मतदारयादीत नाव घालायचंय दोघांचं, फोटो देऊन ठेवा."

या एस्तर भिंगारदिवे. नवरा ट्रक चालवायचा, तो वारला होता. मुलगा आशिष, सून, नात असं घर. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून चर्चला जायच्या आणि उपासना संपली की आवारात उभ्या राहून बायकांची गाऱ्हाणी ऐकायच्या. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, माझ्या प्रवचनापेक्षा हिची सभा मोठी भरते. कसलीही तक्रार सांगा, मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "अर्ज दिला का?" दिवा बंद आहे, अर्ज दिला का? गटार तुंबलंय, अर्ज दिला का? माझ्या बायकोने एकदा कंबर दुखतेय म्हणून सांगितलं तर त्यांच्या तोंडून तेच निघालं, आणि मग दोघी हसत बसल्या.

त्यांचं सगळं राजकारण एका माणसापाशी सुरू झालं होतं. त्यांना आम्ही सगळेच वकीलसाहेब म्हणायचो.

तरुणपणी मावशी एका सुट्या भागांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. ठेकेदारामार्फत. पीएफ का कापला जातो आणि जमा का होत नाही, असं बायकांनी विचारलं तर ठेकेदाराने सगळ्यांना गेटबाहेर काढलं. बायका गेटवर बसल्या. ठेकेदाराची माणसं त्यांना उठवायला आली, ढकलाढकलीत मावशींचं उजवं मनगट मोडलं. ते पुढे कधी नीट बसलंच नाही. कपडे पिळायला त्यांना सुनेला हाक मारावी लागे.

तेव्हा हे वकीलसाहेब नवे होते. जुन्या स्कूटरवरून आले, मावशींना मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर बायकांच्या डब्यातली भाकरी खात खाली मातीत बसले. केस फुकट लढले. निकाल बायकांच्या बाजूने लागला, पण तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं. "पैसे न्हाई मिळाले," मावशी सांगायच्या, "पन कोर्टात आमचं नाव घेतलं रे मोठ्यानं. भिंगारदिवे विरुद्ध अमुकतमुक. आमचं नाव आधी."

पुढे वकीलसाहेब निवडणुकीला उभे राहू लागले आणि मावशी त्यांच्यासाठी दारोदार फिरू लागल्या. साहेब बहुतेक वेळा पडायचे. समोर पैसेवाले असायचे, आणि त्या पैसेवाल्यांच्या मागे तोच ठेकेदार. आता त्याला सगळे शेठ म्हणत. अर्ध्या एमआयडीसीला माणसं पुरवायचा. मावशींना त्या पडण्याचं काही वाटत नसे. प्रचाराची त्यांची स्वतःची पद्धत होती. दार वाजवलं की आधी पाणी मागायचं, मग पोरांची परीक्षा विचारायची आणि अगदी उठताना मताचं बोलायचं. "आधीच मत मागितलं की मानूस दार लोटून घेतं," म्हणायच्या.

ज्या दिवशी सगळं संपलं तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या सकाळी मावशी पाणी न पिता बोलल्या. हातात मोबाईल होता.

"हे खरं हाय का रे? का कुणी जोडलाय फोटू? हल्ली जोडत्यात म्हनं."

वकीलसाहेबांच्या महिला आघाडीच्या ग्रुपवर फोटो आला होता. एका सोफ्यावर साहेब आणि शेठ. दोघांच्या गळ्यात एकाच रंगाची उपरणी. खाली फुलं, जोडलेले हात, "योग्य निर्णय साहेब", "विकासासाठी एकत्र". मी फोटो मोठा करून पाहिला. खरं तर पाहायची गरज नव्हती, बाजूला व्हिडिओही होता. त्यात साहेब शेठना पेढा भरवत होते.

"खरा आहे, मावशी," मी म्हणालो.

त्या आमच्या उंबऱ्यावरच बसल्या. मोडक्या हाताने त्यांना टाइप करणं जमत नसे, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लागला. मला वाटलं, मोठं पत्रच लिहितायत. मग त्यांनी मला ते दाखवलं. एवढंच होतं: "का?"

दिवसभर त्या एका शब्दाखाली फुलं आणि जोडलेले हात येत राहिले. कुणी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मी कामावरून परतलो तर त्या गेटपाशी उभ्या होत्या.

"हे काय लिहिलंय वाच."

मी वाचलं. त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

"मंजी?"

"म्हणजे आता ग्रुपमधलं नवीन काही तुम्हाला दिसणार नाही."

"अन् मी लिहिलेलं?"

"ते कुणी पुसलं नाही तर दिसेल त्यांना."

"दिसू दे," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्यानंतर मावशी फिरायच्या थांबल्या. बायका नळाचं सांगायला यायच्या, तर त्या "दुसऱ्या कोनाला तरी सांगा आता" म्हणायच्या. अर्ज दिला का, हेही विचारायच्या नाहीत. भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. घरात पंखा चालू ठेवून भिंतीला टेकून बसायच्या. सूनबाई घाबरली. तिने त्यांच्या मोबाईलला मोठं रिचार्ज मारून दिलं आणि म्हणाली, बघा काहीतरी.

मावशींनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? एक परदेशी माणूस गंजलेल्या जुन्या वस्तू साफ करतो, ते व्हिडिओ. कात्री, कुऱ्हाड, कंदील. तो एक अक्षर बोलत नाही, नुसता घासतो. मावशी ते तासन्‌तास बघायच्या. मी एकदा विचारलं, यात काय आहे? म्हणाल्या, "बोलत न्हाई, हेच लई हाय."

मग सुनेमुळे कोरियन मालिका लागल्या. तिथे मात्र मावशी रमल्या. "आपल्यातली मालिका संपतच न्हाई," त्यांचं म्हणणं, "मेलेली सासू परत येती. ह्यांचं बघ, सोळा भाग. सोळाव्याला निकाल." नटांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपल्याकडची दिली. एकजण पोस्टातला पवार, एकजण धाकला डॉक्टर, एक नटी म्हणजे बेबी. मी म्हणालो, मला सगळे सारखेच दिसतात. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "कंपनीत बी तू बायांकडं असंच बघत असशील. कोन कोन हाय ते बघावं लागतं मानसानं."

एका मालिकेत एक तरुण वकील होता. मोठी कंपनी त्याला पैसे द्यायला येते आणि तो नाही म्हणतो. मावशींनी तिथेच मालिका थांबवली. "ह्यो पुढं पलटनार," म्हणाल्या, आणि चार-पाच दिवस ती मालिका लावलीच नाही. मग एका दुपारी माझ्या बायकोला हाक मारून, घरातल्या माणसाचं ऑपरेशन नीट पार पडल्यासारखं सांगितलं, "पलटला न्हाई गं. शेवटपर्यंत न्हाई पलटला."

त्या धाकल्या डॉक्टरच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. सुनेने मावशींना त्यात घातलं. कुठल्याकुठल्या गावच्या कॉलेजच्या पोरी. त्या मावशींना आंटी म्हणायच्या. मावशी लिहायच्या नाहीत, बोलून पाठवायच्या, आपल्या नगरी हिंदीत. पोरी खूश. एकदा कसली तरी निवडणूक निघाली, इंटरनेटवरची. सगळ्यात लाडका नट कोण. ग्रुपच्या पुढारी पोरीने हुकूम सोडला की प्रत्येकीने वेगवेगळ्या नावांनी खाती उघडायची आणि प्रत्येकावरून मत टाकायचं.

मावशी उठून बसल्या. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो आवाज गल्लीने ऐकला. "देखो बेटा, एक आदमी, एक वोट. बोगस मतदान नहीं करने का. हारे तो हारे." पोरींना वाटलं आंटी थट्टा करतायत. मग कळलं की नाही. वाद झाला. दुसऱ्या नटाचे लोक शंभर-शंभर खाती उघडतायत, आपणच का साधं राहायचं, असं पोरी म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "वो उनका उनके पास." काही पोरी त्यांच्या बाजूने झाल्या, काही नाही झाल्या. धाकला डॉक्टर शेवटी कुठेतरी बऱ्याच खाली आला. मावशी मला निकाल दाखवत हसल्या. "इथं बी डिपॉझिट गेलं." त्या पोरींनी मात्र त्यांना ग्रुपमधून काढलं नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मग खरी निवडणूक आली. वकीलसाहेबांना तिकीट मिळालं, या वेळी शेठच्या पाठिंब्याने.

आशिष शेठच्याच माणसांत होता. म्हणजे कंपनी वेगळी, पण पगार शेठच्या एजन्सीकडून, आणि करार अकरा महिन्यांचा. करार संपत आला होता. एके दिवशी सुपरवायझर त्याला म्हणाला, "साहेब तुझ्या आईला भेटायला येणार आहेत. म्हणावं, राग सोड." आशिषने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं एक वाक्य जोडलं नाही.

मावशींनी मला बोलावून घेतलं. "तू बस इथं. ऐकायला कोनीतरी पायजे."

साहेबांची गाडी गल्लीत वळेना, म्हणून ते कोपऱ्यावरून चालत आले. गुडघे दुखत असावेत. पूर्वी खाली सतरंजीवर बसायचे, आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. बरोबरच्या पोरांना त्यांनी बाहेर थांबवलं. सूनबाईने चहा दिला.

"एस्तर, रागावलीस तू."

"न्हाई साहेब. इचारलं व्हतं फक्त."

"काय विचारलंस?"

"ग्रुपवर. का, म्हनून."

साहेबांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. "मी ग्रुप बघत नाही गं," ते म्हणाले. "पोरं बघतात."

मावशींनी मान हलवली. साहेबांनी कप खाली ठेवला.

"आता विचार."

"आता काय इचारायचं? तेच हाय."

मग म्हणाले, "इतकी वर्षं विरोधात बसलो. तुमच्या कॉलनीला एक धड नळ देता आला नाही मला. प्रत्येक वेळी तुझ्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचो. आता त्यांच्याबरोबर आहे, तर पाइपलाइन मंजूर झाली. एवढंच आहे ते. मी थकलो, एस्तर."

हे खोटं नव्हतं. मला तरी खोटं वाटलं नाही. माणूस खरंच थकलेला दिसत होता.

मावशी म्हणाल्या, "थकला तर घरी बसायचं, साहेब. आमी भाकरी आनून दिली असती."

साहेबांनी खाली पाहिलं. उपरण्याचं टोक बोटांनी दुमडत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "सभेला ये. स्टेजवर नुसती बस. बायका तुला बघून येतात." मग दारात उभ्या असलेल्या आशिषकडे न बघता म्हणाले, "आशिषचं मी शेठशी बोललोय. करार वाढवतील. कदाचित कायमसुद्धा करतील."

मावशींनी आशिषकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. आत नात कुठलंसं गाणं मोबाईलवर परत परत लावत होती.

"येते," मावशी म्हणाल्या.

साहेब गेल्यावर त्यांनी स्वतः कप विसळले. मला म्हणाल्या, "तू बी काय बोलला न्हाईस."

"मी काय बोलणार, मावशी?"

"व्हय," म्हणाल्या. "कोन काय बोलनार."

सभा भर दुपारी होती, एमआयडीसीच्या मोकळ्या मैदानावर. मांडव घातला होता, तरी पत्र्यासारखं तापलं होतं. बसगाड्या भरून बायका आणल्या होत्या. मावशी स्टेजवर दुसऱ्या रांगेत, चर्चची पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. पुढच्या रांगेत साहेब आणि शेठ. मी मागे खांबापाशी उभा होतो. मोठे नेते यायला उशीर होत होता, म्हणून निवेदक वेळ काढत होता. त्याने एकाएकी जाहीर केलं, "आता रणरागिणी एस्तरताई दोन शब्द बोलतील." हे ठरलेलं नव्हतं. साहेब वळून मागे बघायला लागले.

मावशी माईकपाशी गेल्या. त्यांना माईकची कधी गरज नसायची, त्यामुळे आवाज जरा फाटलाच.

"मी एस्तर भिंगारदिवे. माझा हात कंपनीच्या गेटवर मोडला, तवा ह्या साहेबांनी मला स्कूटरवर दवाखान्यात नेलं हुतं. ते मी इसरले न्हाई." थांबल्या. "कोनी मोडला, ते बी इसरले न्हाई." परत थांबल्या. "ऊन लई हाय. बायांनो, पानी पिऊन घ्या."

आणि जागेवर जाऊन बसल्या.

पुढे काय झालं म्हणाल तर फारसं काही नाही. आमच्या कॉलनीतल्या चार-सहा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाकीच्यांना कळलंच नाही. काहीजणी खरोखरच पाण्याच्या टाकीकडे गेल्या. शेठ मोबाईलवर बोलत होते, त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. निवेदक हसून म्हणाला, "ताईंचा स्वभाव मोकळा आहे," आणि त्याने प्रचाराचं गाणं लावलं. कुणी उठून गेलं नाही. कशा जाणार? बसगाड्या सभा संपल्यावरच सुटणार होत्या. वकीलसाहेब तेवढे बराच वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत होते. नंतर त्यांनी भाषण केलं. चांगलं केलं.

महिनाअखेरीला आशिषचा करार संपला, वाढवला नाही. त्याच्याबरोबर आणखी तिघांचा वाढवला नव्हता. कंपनीत काम कमी आहे, असं सांगितलं. त्यामुळे ते मावशींमुळे झालं असं म्हणता येत नाही, आणि नाही झालं असंही. आशिष आईला एक शब्द बोलला नाही. मावशींना त्याचाच त्रास जास्त झाला, असं बायको म्हणते. "भांडला असता तर बरं हुतं," असं मावशी तिच्यापाशी म्हणाल्या होत्या. सुनेच्या भावाने रांजणगावला दोघांसाठी काम पाहिलं. आठवड्याभरात टेम्पो भरला आणि ती मंडळी गेली. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर समोर कुलूप.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मतदानाच्या दिवशी.

मत टाकून शाळेच्या फाटकाबाहेर पडत होतो, तर समोरून मावशी येताना दिसल्या. एकट्याच. बाहेर रस्त्याच्या कडेला पक्षांची टेबलं लागली होती. पूर्वी साहेबांच्या टेबलावर मावशी बसायच्या आणि येणाऱ्याचं नाव तोंडपाठ सांगायच्या. आता तिथे उपरणी घातलेली तरणी माणसं होती, बहुतेक बाहेरून आणलेली. त्यांतला एक म्हणाला, "या आजी. नाव सांगा, चिठ्ठी देतो."

"एस्तर भिंगारदिवे."

तो मोबाईलवर शोधू लागला. "इश्वर?"

"एस्तर."

"अस्तर?"

मावशींनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. नाव सापडलं. तो चिठ्ठी द्यायला लागला, तेवढ्यात त्यांनी केंद्र आणि खोली आपणच सांगितली, आणि चिठ्ठी न घेता आत गेल्या.

मी स्कूटर सावलीत लावून थांबलो. बाहेर आल्या तेव्हा पदराने तोंड पुसत होत्या. जेवायला घरी चला म्हणालो, तर नको म्हणाल्या. सुनेची दुपारपाळी होती, नात एकटी राहिली असती. मग मी त्यांना हायवेपर्यंत सोडायला निघालो. वाटेत म्हणालो, एवढ्या उन्हात रांजणगावाहून आलात.

"नाव इथंच हाय माझं."

मग त्याच म्हणाल्या, "कोनालाच न्हाई दिलं. शेवटचं बटन दाबलं."

"त्यासाठी एवढं आलात?"

मागे बसल्या बसल्या त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "थकले तर हायच रे मी. पन घरी बसले असते तर त्यांनी धरलं असतं, ही आपलीच हाय म्हनून."

पुण्याकडे जाणारी बस लगेच आली. गर्दी होती. त्या घाईने चढल्या, मागे वळून हात वगैरे काही केला नाही. काचेतून मला दिसलं ते एवढंच. तिघींच्या बाकावर दोघीजणी ऐसपैस बसल्या होत्या आणि मावशी त्यांच्यापुढे उभ्या राहून हाताने, सरका, म्हणत होत्या. त्या दोघींनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावशी तशाच उभ्या राहिल्या. मग त्या सरकल्या. मावशी बसल्या आणि बस निघाली.